खजिना आला, वाटाड्या कुठे?

२०१७चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. कपाशी माणसाच्या उंचीला टेकली होती. कीड हटत नव्हती. फवारणीवर फवारणी चालली होती. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर एकामागून एक दवाखान्यात येत राहिले. कोणाला उलट्या, कोणाला दम, कोणाला दिसेनासे झालेले. शेकडो जणांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे गेली.

नंतर प्रश्नांचा भडिमार झाला. औषध कोणते? कंपनी कोणती? विकले कोणी? हातमोजे, मास्क का नव्हते? विशेष तपास पथक नेमले गेले. काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. कीटकनाशक कंपनीविरुद्धचे प्रकरण थेट स्वित्झर्लंडपर्यंत गेले. सगळे प्रश्न रास्तच होते.

एक प्रश्न मात्र राहून गेला. या विषांवर जगात आजवर काय शोधले गेले आहे, ते धुंडाळून वॉर्डातल्या डॉक्टरच्या हातात ठेवणे, हे कोणाचे काम?

या कामाचा माणूस आपल्याकडे आहे. त्याला पद आहे, पगार आहे, टेबल-खुर्चीही आहे.

तो म्हणजे ग्रंथपाल.

आश्चर्य वाटले? तिथेच दुखणे आहे.

आपल्या डोक्यातला ग्रंथपाल दाखल नोंदवही लिहितो, पुस्तकावर शिक्का मारतो, उशीर झाला तर दंड घेतो आणि शेवटच्या वर्षी ‘नो ड्यूज’वर सही करतो. वैद्यकीय महाविद्यालयातला ग्रंथपालही आपण याच साच्यात बसवला. हा साचा दुसरीकडे पन्नास वर्षांपूर्वीच मोडला.

१९७१ साली अमेरिकेत, मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतील वैद्यकीय शाळेत गर्ट्रूड लँब यांनी ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर राउंडला नेले. खाटेजवळ उभे राहायचे, डॉक्टरांना पडलेला प्रश्न टिपायचा आणि त्याचे उत्तर शोधून आणायचे, असे ते काम होते. ग्रंथपाल वाचकाची वाट पाहत बसला नाही. तो उठून रुग्णापर्यंत गेला.

याने फरक पडतो का? तोही मोजून झाला आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरमधल्या २०८ डॉक्टरांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथालयाने पुरवलेल्या माहितीमुळे आपण उपचारात काही ना काही बदल केला, असे दहापैकी आठ डॉक्टरांनी सांगितले. कोणी तपासण्या बदलल्या, कोणी औषध बदलले. काहींनी तर निदानच बदलले.

शिक्का मारून निदान बदलत नाही. शोधून बदलते.

*

आता पुन्हा कपाशीच्या शेतात चला.

मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली विषे. त्यांवर ॲट्रोपिन हा जुना उतारा आहे. डायफेन्थ्युरॉन हे निराळ्याच गटातले. त्यावर ठरावीक असा उतारा नाही. पण शेतात दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली जातात. पुस्तकात एकेका विषाचा परिच्छेद सापडतो. पंपातल्या मिश्रणाचा परिच्छेद कोणत्या पुस्तकात आहे?

तो विखुरलेल्या शोधनिबंधांत आहे. कोणीतरी गोळा करून आणला तरच हाती लागतो.

ॲट्रोपिन द्यायचे, हे एमबीबीएसच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पण कसे द्यायचे? बांगलादेशात चितगावला हा प्रश्न तपासला गेला आणि निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीने ठरावीक डोस देत गेलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण २२.५ टक्के होते. डोस झपाट्याने वाढवत नेऊन नंतर सलाइनमधून संथ धार चालू ठेवलेल्या रुग्णांत ते ८ टक्क्यांवर आले. औषध तेच, स्वस्तातले. बदलली ती फक्त देण्याची रीत.

ती रीत एका निबंधात छापलेली आहे. निबंध स्वतःच्या पायाने वॉर्डात येत नाही.

आता दुसरा उतारा, प्रॅलिडॉक्झिम. वॉर्डात त्याला ‘पॅम’ म्हणतात. बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर त्याचा अभ्यास केला. तो २००६ साली थेट ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पॅमची मोठी मात्रा सतत धारेने दिलेल्या गटात १ टक्का रुग्ण दगावले, थांबून थांबून दिलेल्या गटात ८ टक्के. महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावात झालेले काम जगातल्या अव्वल वैद्यकीय नियतकालिकात आले. याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण एवढे वाचून थांबलात, तर फसलात.

तीनच वर्षांनी, २००९ साली, श्रीलंकेतला अभ्यास आला. त्यात २३५ रुग्ण होते. पॅम दिलेल्यांत २४.८ टक्के दगावले, न दिलेल्यांत १५.८ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम उतरला नाही, पण पॅमचा फायदाही कुठे दिसला नाही. मग २०११ साली उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने तोवरचे सगळे पुरावे एकत्र तोलले. त्यांचे म्हणणे असे की, पॅमने भले होते की बुरे, हे ठरवायला पुरावा पुरेसा नाही.

ज्याला फक्त बारामती सापडली, तो निर्धास्तपणे औषध चालू ठेवेल. ज्याला फक्त श्रीलंका सापडली, तो ते बंद करेल. ज्याच्यापुढे तिन्ही आले, तोच थांबून विचार करेल. रुग्ण किती वेळाने आला, किती गंभीर आहे, विष कोणते, हे तो पाहील.

अर्धा शोध हा शोध न घेण्याहून घातक. कारण अर्धा शोध घेणाऱ्याला आपण शोधले आहे, अशी खात्री असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे पुढेच आहे. हे अभ्यास प्रामुख्याने विष पिऊन आलेल्या रुग्णांवरचे. यवतमाळच्या मजुरांनी विष प्यायले नव्हते. ते त्यांच्या अंगावर उडाले, कातडीतून मुरले, श्वासातून आत गेले. त्या रुग्णांना बरे कसे करायचे, हे जगाला सांगायचा पहिला हक्क कोणाचा? ज्यांनी त्यांना डोळ्यांनी पाहिले, त्यांचा. म्हणजे यवतमाळचा.

संशोधनाचा विषय बाहेरून आणायला नको. तो फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दारात येतो.

*

‘आमच्या डॉक्टरांना इंटरनेट येते, ग्रंथपाल कशाला?’ हा ठरलेला आक्षेप. त्याचे उत्तर २००१ साली बाल्टिमोरमध्ये मिळाले आणि ते फार महाग पडले.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधी एक प्रयोग चालला होता. त्यात चोवीस वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम हे रसायन श्वासावाटे देण्यात आले. तिची फुप्फुसे निकामी झाली आणि ती दगावली. संशोधकाने आधी शोध घेतला नव्हता का? घेतला होता. पण त्याने संगणकावर जी सूची पाहिली, ती १९६६पासून पुढची होती. फुप्फुसांना इजा होते, हा इशारा १९५०च्या दशकातल्या निबंधांत होता.

विद्यापीठ जगातले नामवंत. पैसा मुबलक. ग्रंथालय भरलेले. तरी इशारा पोहोचला नाही.

शोध घेणे ही वेगळी विद्या आहे. ती डॉक्टरकीच्या पदवीबरोबर आपोआप मिळत नाही. ग्रंथपालाच्या पदवीबरोबरही आपोआप मिळत नाही. ती शिकावी लागते. आणि साधने बदलली की पुन्हा शिकावी लागते.

*

आता अलीकडची गोष्ट. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने शासकीय संस्थांना संशोधन-नियतकालिके खुली करणारी ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३००हून अधिक शासकीय संस्था, अंदाजे १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. अंमलबजावणी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे.

हे पाऊल मोठे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. गरीब देशांना वैद्यकीय नियतकालिके मोफत किंवा नाममात्र दरात देणारी जागतिक आरोग्य संघटनेची ‘हिनारी’ योजना २००२पासून चालू आहे. भारत तिच्या यादीत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला कित्येक वर्षे एकेका निबंधासाठी ओळखीपाळखीतून हात पसरावे लागले. ती वेळ आता सरायला हवी.

दार उघडले. पण दारात उभे राहून ‘या, तुम्हाला हवे ते इकडे आहे’ असे सांगणार कोण?

एसटीचा पास मिळाला म्हणजे गाव आले, असे होत नाही. कोणती गाडी, कोणता फाटा, उतरायचे कुठे, हे कोणीतरी सांगावे लागते.

पबमेड ही वैद्यकीय निबंधांची सूची १९९७पासून जगाला मोफत खुली आहे. तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. तीन शब्द टाकले की हजारो निबंध पुढ्यात येतात. थकलेला निवासी डॉक्टर पहिल्या पानावरचे दोन उघडतो आणि खिडकी बंद करतो. दोष त्याचा नाही. छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर तुम्ही-आम्ही दुसरे काय केले असते?

शिकलेला ग्रंथपाल काय करतो, ते पाहा. एकाच विषाला कोणी ऑरगॅनोफॉस्फेट म्हणतो, कोणी ऑरगॅनोफॉस्फरस, कोणी कोलिनेस्टरेज-रोधक, कोणी नुसतेच कीटकनाशक. तो ही सगळी नावे एका जाळ्यात विणतो. ॲनिमिया लिहिताना ब्रिटिश लेखक एक अक्षर जास्त घालतो, अमेरिकन घालत नाही. अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे आजार वाटतात. एका अक्षरासाठी अर्धे संशोधन नजरेआड होते.

हा अक्षराचा खेळ आपल्या दारातला आहे. सिकलसेल ॲनिमिया विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. २०४७पर्यंत तो हटवायचा, म्हणून राष्ट्रीय अभियान जुलै २०२३मध्ये सुरू झाले. हटवणार कशाच्या जोरावर? कोणती मात्रा कोणत्या वयाला चालली, कोणती तपासणी कुठे फसली, हे आधी सापडले पाहिजे.

*

मग ग्रंथपालाला हे शिकवतो कोण?

बी.लिब., एम.लिब.मध्ये तो रंगनाथन शिकतो, वर्गीकरण शिकतो, तालिकीकरण शिकतो. पाया पक्का होतो. पण तीच पदवी घेऊन एक जण शाळेत जातो, एक कृषी महाविद्यालयात आणि एक वैद्यकीय महाविद्यालयात. तिसऱ्याच्या पुढ्यात पहिल्याच दिवशी हृदयरोग, विषशास्त्र आणि संख्याशास्त्र येऊन बसते. त्या दिवसापासून त्याचे खरे शिक्षण सुरू व्हायला हवे.

आपल्याकडे त्या दिवशी ते संपते.

डॉक्टरसाठी परिषदा आहेत, कार्यशाळा आहेत, गुणांची नोंद आहे. परिचारिकांना प्रशिक्षण आहे. शिक्षकांना संशोधन-पद्धतीचे वर्ग आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधन-पद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. उत्तम झाले. पण त्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून मदत करायची आहे ज्याने, त्याच्यासाठी सक्तीचे काय आहे?

वार्षिक साठा पडताळणी.

वैद्यकीय महाविद्यालयाची तपासणी आली की ग्रंथालयात काय मोजतात? पुस्तके किती, खुर्च्या किती, जागा किती. खुर्च्या मोजाव्यात, हरकत नाही. पण वर्षभरात किती डॉक्टरांचे किती प्रश्न सोडवले, हा रकानाही हवा. ज्याचा रकाना नाही त्याचे काम होत नाही. सरकारी कार्यालयात नोकरी केलेल्या प्रत्येकाला हे पाठ आहे.

दुसरी अडचण पैशांची सांगतात. ऐकून घेऊ. पण हिशेबही करू. पबमेड वापरण्याचे धडे अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय मोफत देते. शोध कसा नोंदवायचा याची ‘प्रिझ्मा-एस’ ही सोळा मुद्द्यांची यादी २०२१पासून सर्वांसाठी खुली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ साली कोक्रेनचा ग्रंथसंग्रह देशभर मोफत खुला केला होता. साहित्य फुकट आहे. लागतो तो वेळ, आदेश आणि दोन दिवसांचा टीए-डीए.

६,००० कोटींच्या नियतकालिकांना जो उघडणार, त्याच्या एसटीच्या तिकिटावर आपण अडतो?

तिसरी अडचण, पद रिक्त आहे. मग भरा. रिक्त पद हे कारण नाही. तो तर गुन्ह्याचा कबुलीजबाब झाला.

*

प्रबंधाचे पाहू. प्रत्येक एमडी, एमएसच्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. त्यात ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’चे प्रकरण असते. ते बहुतेकदा कसे तयार होते? वरच्या बॅचचा प्रबंध घ्यायचा, त्यातले संदर्भ उचलायचे, दोन-चार नवे जोडायचे. अशाने एकाने केलेली चूक पाच बॅच जपतात.

गाईड ओरडतो, विद्यार्थी रडतो. शोध शिकवणारा माणूस त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर बसलेला असतो. त्याला कोणी विचारत नाही आणि त्यालाही कोणी शिकवलेले नसते.

ज्या आढावा-निबंधांत ग्रंथपाल सहलेखक होता, त्यांतल्या शोधाचा दर्जा अधिक चांगला आढळला, असे २०१५ सालच्या एका अभ्यासाने दाखवले. सहलेखक, बरे का. निबंधाच्या शेवटी आभारापुरता नव्हे. आपल्याकडे ग्रंथपालाचे नाव निबंधावर आले तर भुवया उंचावतात. त्या आधी खाली आल्या पाहिजेत.

पुढे आणखी एक खड्डा आहे. बढतीसाठी निबंध छापून यायला हवेत, म्हणून पैसे घेऊन काहीही छापणारी बाजारू नियतकालिके गल्लोगल्ली उगवली. हैदराबादच्या ओमिक्स समूहाला २०१९ साली अमेरिकेतील न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला, तो संशोधकांची दिशाभूल केल्याबद्दल. ईमेल गोड, नाव भारदस्त, संपादक मंडळ लांबलचक. तरुण डॉक्टर फसतो, पैसे जातात, वर्षाची मेहनत मातीमोल होते.

हे नियतकालिक खरे की खोटे, हे पाच मिनिटांत सांगू शकेल असा माणूस संस्थेत हवा. तो कोण, हे आता सांगायला नको.

आणि नवे संकट तर हातातल्या मोबाइलमध्येच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला संदर्भ मागा. ती लेखकाचे नाव देते, नियतकालिक देते, वर्ष आणि पाने देते. शोधायला जा, तर कधी कधी तो निबंध जन्मालाच आलेला नसतो. कवितेत असे झाले तर खपून जाईल. औषधाच्या मात्रेत झाले तर?

साधन वापरू नका, असे कोण म्हणतो? वापरा. पण त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ मुळाशी जाऊन तपासणारा जाणता माणूस शेजारी ठेवा. यंत्र जितके हुशार, तितका तपासणारा जास्त शिकलेला हवा.

*

आता कपाट उघडा.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जाड बांधणीचे, पाठीवर सोनेरी अक्षरांचे प्रबंध रांगेने उभे असतात. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९चे. सेवाग्रामचे १९६९चे. नागपूर त्याहून जुने. सर्पदंश, विषबाधा, सिकलसेल, कुपोषण, पाण्यातल्या फ्लोराइडमुळे वाकलेली हाडे. विदर्भाच्या दुखण्यांची एवढी नोंद जगात दुसरीकडे कुठे सापडणार?

पीएचडीच्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हा खुला ऑनलाइन संग्रह आहे. एमडी, एमएसचे बहुतेक प्रबंध मात्र परीक्षा झाली की कपाटात जातात ते कायमचे. पांढरकवड्याच्या किंवा झरी-जामणीच्या डॉक्टरला आपल्याच तालुक्यातल्या रुग्णांवर झालेला अभ्यास दिसत नाही.

आपल्याच माणसांवर केलेले संशोधन आपल्याच माणसांपासून कुलपात. याला काय म्हणायचे?

ते कुलूप उघडण्याची विद्याही ग्रंथपालाचीच आहे. प्रबंधाची डिजिटल प्रत, नीट नोंद, विषयवार शब्द, रुग्णाची ओळख झाकण्याची काळजी. शिकवले तर सहा महिन्यांत एका महाविद्यालयाचा संग्रह उभा राहील. न शिकवता काम दिले तर स्कॅन केलेल्या फाइलींचा ढीग तेवढा उभा राहील.

*

यवतमाळला पुस्तकांची आच नाही, असे कोणी म्हणू नये. या शहराने १९७३ साली आणि पुन्हा जानेवारी २०१९मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. २०१९च्या संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. शेतातले दुःख आणि छापलेला शब्द एका मंचावर आणायची हिंमत याच मातीने दाखवली.

तीच हिंमत आता दवाखान्यात दाखवायची आहे.

करायचे काय? फार थोडे. प्रत्येक वैद्यकीय ग्रंथपालाला वर्षातून ठरावीक दिवस प्रशिक्षण, आणि ते सेवेतले समजून. हजेरी कापून नव्हे, सुटीच्या दिवशी बोलावून नव्हे. संशोधन समितीत त्याला खुर्ची, आणि त्या खुर्चीला मत. आठवड्यातून एक राउंड डॉक्टरांबरोबर. प्रबंधाचा आराखडा मंजूर होण्याआधी त्याच्याकडे एक बैठक सक्तीची. यवतमाळ, सेवाग्राम, सावंगी, नागपूर, अकोला, चंद्रपूर इथल्या ग्रंथपालांनी महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटावे. ज्याला जे येते, ते त्याने दुसऱ्याला शिकवावे.

यातल्या कशाला नवी इमारत लागते? कशाला निविदा लागते?

कशालाच नाही. बहुधा म्हणूनच ते होत नाही.

ग्रंथपालांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. आदेशाची वाट पाहू नका. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा. तुमचा वाचक अतिदक्षता विभागात उभा आहे. त्याचा वाचलेला वेळ म्हणजे कोणाचा तरी वाचलेला श्वास. दर १२ ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हार घालता, तो जरूर घाला. त्याच दिवशी एका विभागप्रमुखाकडे जा आणि विचारा, ‘सर, या आठवड्यात कोणत्या रुग्णाने तुम्हाला कोड्यात टाकले?’

पहिल्या वेळी ते चमकतील. दुसऱ्या वेळी प्रश्न देतील. तिसऱ्या वेळी स्वतः खाली येतील.

डॉक्टरांनो, तुम्हीही एक जिना उतरा. शोधात मदत मागितल्याने कोणाची पदवी लहान होत नाही. बाल्टिमोरचा संशोधकही विद्वानच होता.

आणि अधिष्ठात्यांनो, संचालकांनो, मंत्रीमहोदय, तुमच्यापुढे फाइल मोठी नाही. एक परिपत्रक, एक रकाना, थोडा प्रवासखर्च. २०१७मध्ये जी माणसे गेली ती ग्रंथपाल शिकलेला असता तर वाचली असती, असे मी म्हणणार नाही. ते कोणालाच म्हणता येणार नाही. पण पुढच्या वेळी उतारा कुठल्या तरी पानावर छापलेला असेल आणि तो खाटेपर्यंत पोहोचला नाही, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर चालणार नाही. ती पाने आता विकत घेऊन झाली आहेत.

कपाशीची फवारणी दर वर्षी जुलैत सुरू होते. तोवर एक माणूस शिकवून होतो.